नदीकाठ वाहिनीचा निळा कोट

कपड्यानं बोलू नये, अंगावर नीट बसावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मीही आयुष्यभर तेच केलं. पण सध्या मी ज्या घरात खुंटीला टांगलेला आहे, त्या घरातल्या बाईचीच वाचा गेली आहे, आणि ही तीच बाई, जिचं बोलणं ऐकायला अख्खं बेलापूर हातातलं काम टाकून बसायचं. तेव्हा तिच्या वतीनं म्हणा किंवा माझ्या हौसेनं म्हणा, आज मी बोलतोय. मी एक कोट. निळा, दोन बटणांचा, नदीकाठ वाहिनीच्या बातम्यांचा.

बेलापुरात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, मला ओळखतो. रंगावरून मात्र भांडणं होतील. ज्याच्या टीव्हीचा रंग जसा, तसा मी त्याच्या घरी दिसायचो. कुणाकडे जांभळा, कुणाकडे काळा, आणि पाटाच्या कडेला राहणाऱ्या एका म्हातारबाबांकडे तर चक्क हिरवा. मी निळाच आहे, हे एकदा सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म बातम्यांसाठी झालाच नव्हता. बन्सीशेठच्या लग्नासाठी झाला होता. शेठ नुसता नावाचा. बाजारपेठेत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कापड श्रीरामपुरातून आणलं आणि शिवलं रामहरी शिंप्यानं. रामहरीनं बन्सीच्या पोटाला टेप लावली, त्याच्या सासुरवाडीच्या जेवणाचा अंदाज घेतला आणि पुढच्या दहा वर्षांना पुरेल एवढी ढिलाई ठेवून मला शिवलं. त्यामुळे मी जन्मतःच भला थोरला. लग्न भर उन्हाळ्यात. अंतरपाट दूर होण्याआधीच नवरदेव घामानं निथळू लागला, आणि अक्षता पडल्या पडल्या त्यानं मला काढून करवलीच्या हातात दिलं. एवढंच माझं लग्नकार्य. पुढं कित्येक वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात कपाटात पडून होतो.

मग गावात केबल आली, म्हणजे बन्सीनंच आणली. दुकानाच्या गच्चीवर मोठी तबकडी बसवली आणि लिंबाच्या झाडांवरून, कौलांवरून काळी वायर घरोघरी नेली. दुपारी तो आपल्या व्हिडिओवर सिनेमा लावायचा आणि गावभर तो दिसायचा. पण माणसाला तेवढ्यानं चैन पडत नाही. एक दिवस जेवताना तो बायकोला, लंकाबाईला म्हणाला, "आपल्या गावच्या बातम्या आपणच दाखवायच्या. दिल्लीचं सगळं दिसतंय आन् आपल्या पेठंतलं कायबी दिसत न्हाई, ही काय रीत झाली?"

लंकाबाई म्हणाली, "दाखवा. पर बघणार कोन?"

बघणारे निघाले. कापड दुकानवाले, खत-बियाणंवाले, पेढेवाले जाहिरात द्यायला तयार झाले. दुकानाच्या माडीवर एक खोली रिकामी झाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. मागं पडदा लावला, त्यावर पेंटरनं प्रवरा नदी काढली. नदीला पाणी एवढं भरपूर दाखवलं, की लोक विचारायचे, ही कुठली नदी? एक टेबल आणि एक खुर्ची आली. लग्नांची शूटिंग करणारा कल्याण आपला कॅमेरा घेऊन आला. सगळी जमवाजमव झाल्यावर बन्सीनं कपाट उघडून मला बाहेर काढलं आणि म्हणाला, "बातम्या म्हंजे कोट पायजे. कोट नसला तर बातमी खरी वाटत न्हाई."

मला एवढा अभिमान वाटला, की विचारू नका.

माझ्यात पहिले शिरले ते हनुमंत सर. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. वर मी, आणि टेबलाखाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कारण टेबलाखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं. माणूस सज्जन, पण शिकवायची सवय काही जाईना. प्रत्येक बातमीनंतर कॅमेऱ्याकडे बोट करून विचारायचे, "कळलं का?" गावातली पोरं टीव्हीपुढं "हो सर" म्हणून ओरडायची. वर्षभरात सरांची बदली झाली. मी पुन्हा खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत राहिलो, आणि बन्सी नवा आवाज शोधू लागला.

तो त्याला एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमात सापडला. स्टेजवर निवेदन करत होती पुष्पावती साळवे, अंगणवाडीची ताई. बोट लावलं तर मोडेल अशी बारीक, पण आवाज असा खणखणीत आणि स्वच्छ, की मागं उसाच्या रसाच्या गाड्यावर उभा असलेला बन्सी ग्लास तसाच हातात धरून ऐकत राहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात. ती बातम्यांना तयार झाली, पण माझ्याकडे बघून तिनं नाक मुरडलं. "माझी साडी काय वंगाळ हाय का? साडीवर कोट कोन घालतं?"

बन्सी म्हणाला, "कोटाशिवाय जमायचं न्हाई."

ती घरी गेली ती नाही म्हणूनच. पण तिच्या बैठकीत बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तसबिरीतही अंगात निळा कोट होता. दुसऱ्या दिवशी ती माडीवर आली, माझ्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू द्या कोट."

तिनं मला अंगात घातलं आणि कल्याण खो खो हसत सुटला. रामहरीची सगळी ढिलाई तिच्या खांद्यांवरून खाली ओघळली होती. तिच्यासारख्या आणखी एकीला आत जागा होती. मला आत घेऊन शिवावं, तर बन्सीनं आधीच बजावून ठेवलेलं: कात्री लावायची नाही, सुई लावायची नाही, टाचणीसुद्धा नाही, माझ्या लग्नातला कोट हाय. आता काय करावं? कल्याण गच्चीवर गेला आणि लंकाबाईच्या दोरीवरून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन आला. मला मागून मुठीत धरून आवळलं आणि चार चिमटे लावले. एक मानेखाली, दोन पाठीवर, एक कमरेशी. समोरून बघाल तर मी जसा काही तिच्याच मापानं शिवलेला. मागून बघाल तर वाळत घातलेलं धुणं. कॅमेरा समोरूनच बघतो, त्यामुळे मागची गोष्ट आम्हा तिघांतच राहिली: ती, कल्याण आणि मी.

बन्सीला हे तेव्हा कधी कळलंच नाही. कारण रेकॉर्डिंगच्या वेळी तो खोलीत नसायचाच. दुकानाला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी चालू असली की माडीवर नुसती घरघर. म्हणून रेकॉर्डिंगची वेळ झाली, की बन्सी गिरणीवाल्याला चहा पाजायला खाली जायचा आणि त्याच्याशी गप्पा मारून गिरणी बंद ठेवायचा. वाहिनीचा मालक रोज बातम्यांच्या वेळी गिरणीत बसून बशीत चहा ओतत असायचा, असं आमचं कामकाज.

त्या चिमट्यांमुळे एक गंमत झाली. खुर्चीला टेकलं, की चिमटे पाठीला रुतायचे. म्हणून पुष्पावती टेकायचीच नाही, अगदी ताठ बसायची. गावात तिच्या बसण्याची चर्चा झाली. काय बसते बाई! काय तिचा रुबाब! आया पोरींना दटावू लागल्या, पोक काढून बसू नको, बातम्यांतल्या साळवेबाई बघ कशा बसतात. बेलापुरातल्या एका अख्ख्या पिढीच्या मुली ताठ बसायला शिकल्या त्या लंकाबाईच्या चिमट्यांमुळे. हे श्रेय कुणी दिलं नाही, म्हणून मीच नोंदवून ठेवतो.

रोज दुपारी अंगणवाडी सुटली, की ती माडीचा जिना चढून यायची. पंखा बंद करावा लागे, कारण त्याचाही आवाज यायचा. पदर नीट करून ती माझ्या बाह्यांत हात घालायची, कल्याणकडे पाठ करून उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची, "चिमटे." कल्याण चिमटे लावायचा, पुढं येऊन कॅमेऱ्यामागं उभा राहायचा आणि हात वर करून खाली सोडायचा. हात खाली आला, की घरात 'हाय-न्हाई' बोलणारी पुष्पावती क्षणात बदलायची. "नमस्कार. नदीकाठ वाहिनीच्या बातम्यांमध्ये मी पुष्पावती साळवे आपलं स्वागत करते."

तुकडे जोडायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे बातम्या एका दमात वाचाव्या लागत. मध्येच जीभ अडखळली, लाईट गेली किंवा गिरणीवाल्याला गिऱ्हाईक आठवून त्यानं पट्टा सुरू केला, की कल्याण कॅमेरा थांबवून म्हणायचा, "पुन्हा, पहिल्यापासनं." मग परत नमस्कार. उन्हाळ्यात असं पाच-सहा वेळा झालं, की माझं अस्तर घामानं चिंब व्हायचं. तिचं काळीज पहिल्या शब्दाला धडधडायचं ते मला छातीच्या खिशातून कळायचं. दुसऱ्या बातमीला ते शांत व्हायचं. इतकी वर्षं वाचूनही पहिल्या शब्दाची धडधड काही गेली नाही.

बातम्या तरी कसल्या? कांद्याचा भाव. कुठल्या आळीला पाणी कधी येणार. सापडलेला किल्ल्यांचा जुडगा. हरवलेली शेळी, कपाळावर पांढरा ठिपका. दहावीत पहिली आलेली मुलगी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुःखद निधन. आणि सगळ्यात मोठी बातमी भंडारदऱ्याच्या पाण्याची. धरणातून कालव्याला आवर्तन कधी सुटणार, यावर इथल्या उसाचं आणि गव्हाचं सगळं अवलंबून. स्पीकर लावलेली जीप गावातून सांगत फिरून गेली, तरी लोक म्हणायचे, "संध्याकाळी बाई काय म्हनती ते बघू, मग दारं धरायला जाऊ." ती म्हणायची, "भंडारदरा धरणातून रविवारी आवर्तन सुटणार आहे," आणि घराघरांतून माणसं उठून फावडी शोधायला लागायची. ज्या घरांच्या ओट्यावर तिच्या आजीला कधी बसू दिलं नव्हतं, त्या घरांच्या बैठकीत ती रोज संध्याकाळी मला घालून बसत होती. ती हे कधी बोलली नाही. पण माडीचा जिना ती ज्या तऱ्हेनं चढायची, त्यावरून मला समजत होतं.

तिची मुलगी सायली तेव्हा लहान होती. बातम्या दुपारी भरून ठेवलेल्या, दिसायच्या संध्याकाळी. त्या वेळी पुष्पावती घरी भाकऱ्या थापत असायची. पोरीला वाटायचं, आपल्याला दोन आया आहेत, एक चुलीपाशी आणि एक टीव्हीत. टीव्हीतली आई "नमस्कार" म्हणाली, की सायली उठून उभी राहायची, हात जोडून म्हणायची, "नमस्कार!" आणि मग चुलीपाशी पळत जाऊन सांगायची, "आई, तू मला नमस्कार केला." पुष्पावतीनं हे कल्याणला सांगितलं तेव्हा हसून हसून तिच्या पाठीवरचा एक चिमटा निसटला होता.

आमचं एक मात्र चुकलं. आमच्याकडं कॅसेटी मोजक्याच होत्या. आजच्या बातम्या ज्या कॅसेटवर, त्याच कॅसेटवर उद्याच्या. कालची बातमी शिळी, ती ठेवायची कशाला, असाच सगळ्यांचा हिशेब. बन्सी तर अभिमानानं सांगायचा, "आपल्याकडं रोज ताजा माल." साऱ्या गावाची इतकी वर्षं त्या कॅमेऱ्यापुढून गेली आणि आम्ही ती रोजच्या रोज पुसत गेलो. कुणाच्या डोक्यातही आलं नाही, की ही बाई आणि हा आवाज एखाद्या दिवशी कुणाला पुन्हा हवा होईल.

मग ते दिवस आले. प्रत्येक टीव्हीवर एक डबा बसवायचा हुकूम निघाला. केबल शहरातल्या मोठ्या कंपनीकडून येऊ लागली, आणि तिच्या शेकडो वाहिन्यांत नदीकाठला जागा मिळवायची म्हणजे बन्सीच्या आवाक्याबाहेरचं. जाहिरातीही आटल्या. पोरांच्या हातात मोबाईल आले. कांद्याचा भाव खिशात वाजायला लागला. वाईट कुणीच वागलं नाही. लोकांनी नुसती मान दुसरीकडे वळवली.

शेवटच्या दिवशी बन्सी गिरणीवाल्याला चहा पाजायला गेला, तेव्हा गिरणीवाल्यानं चहा त्याला पाजला. पुष्पावतीनं नेहमीसारखं पाठ करून "चिमटे" म्हटलं. शेळी हरवली होती, आवर्तन सुटायचं होतं, तीच बातमीपत्राची तऱ्हा. सगळं वाचून झालं आणि सवयीनं ती म्हणून गेली, "उद्या पुन्हा भेटू, याच वेळी." म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं. काळीज असं धडधडलं, की माझा खिसा हलला. चूक झाली म्हणजे पहिल्यापासनं, हा नियम. तिनं कल्याणकडे बघितलं. कल्याणनं 'पुन्हा' न म्हणता कॅमेरा बंद केला. संध्याकाळी साऱ्या गावानं ते तसंच ऐकलं.

त्यानंतर मी पत्र्याच्या पेटीत गेलो. सोबतीला वायरींची भेंडोळी आणि नदीचा पडदा. एकदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक बुटका मुलगा मला घालून वकील झाला. बाह्या त्याच्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. एकदा जुने कपडे घेऊन भांडी देणारी दारात आली, तेव्हा लंकाबाईनं मला पेटीतून ओढून काढलं. एका स्टीलच्या पातेल्यावर माझा सौदा जवळजवळ ठरला होता. बन्सी दुकानातून धावत आला. "अगं, लग्नातला हाय!" तो ओरडला. लंकाबाई म्हणाली, "लग्नात किती वेळ घातल्ता ते ठाव हाय मला." पण तिनं मला घडी करून परत ठेवलं. घडी करताना माझ्या पाठीवरचे चिमट्यांचे वण तिनं बोटानं चाचपले, आणि कसर लागली असेल म्हणून दोन गोळ्या जास्तीच्या टाकल्या.

या हिवाळ्यात पेटी पुन्हा उघडली, आणि समोर सायली होती. मोठी झाली आहे आता. संगमनेरला कॉलेजात शिकवते. डोळ्यांखाली काळं पडलेलं. पुष्पावतीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं, पण शब्द ओठापर्यंत येत नाही.

"नगरच्या वाचा-उपचाराच्या मॅडम म्हणाल्या," ती बन्सीला सांगत होती, "वर्षानुवर्षं जे तोंडात बसलेलं असतं ते आधी सुटतं. तेच म्हणवून घ्या. काका, आम्ही पाढे म्हणून पाहिले, रोजच्या वंदनेतलं त्रिसरण म्हणून पाहिलं. काहीच नाही. आईच्या बातम्यांची एखादी कॅसेट असली तर द्या. तिनं स्वतःला ऐकलं तर सुटेल कदाचित. एकदा सुटलं की पुढं जाता येईल, असं म्हणतायत त्या. पण उशीर करू नका म्हणाल्या."

बन्सी आता सत्तरीकडे झुकलाय. त्यानं एकेक कॅसेट काढली, जुना व्हिडिओ साफ करून लावला. पहिल्या कॅसेटवर कुणाचं तरी लग्न. दुसरीवर वरात. तिसरीवर जावळाचा कार्यक्रम. वाहिनी बंद पडल्यावर कॅसेटी वाया नकोत म्हणून कल्याणनं त्या शूटिंगला नेल्या होत्या. शेवटच्या बातम्यांवर एक घोडा नाचत होता.

सायली खाली बसली. बन्सीनं पेटीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. "पोरी, येवढाच राह्यलाय बघ. घेऊन जा. अंगात घातला तर कायतरी आठवंल तिला."

त्याच दिवशी दुपारी सायली आणि बन्सीबरोबर मी या घरात आलो. पुष्पावती खाटेवर उशीला टेकून बसली होती. केस पिकलेले, तोंड एका बाजूला जरा ओढलेलं. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. सायलीनं हळूच लुळा हात बाहीत घातला, मग डावा. किती वर्षांनी मी त्या खांद्यांवर आलो! खांदे आणखी वाळले होते. मी नुसता ओघळलो.

"आई, म्हण," सायली समोर बसून म्हणाली. "न-म-स्का-र. नदीकाठ वाहिनीच्या…"

पुष्पावतीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"नमस्कार, आई. रोज म्हणायचीस ना? नमस्कार."

बन्सीही कोपऱ्यातून म्हणाला, "म्हना की, बाई. नमस्कार." मला ती धडधड कळत होती. तिला म्हणायचं होतं. पण काहीतरी राहिलं होतं, आणि ते काय ते मला ठाऊक होतं. कोटाला तोंड नसतं याचं मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तिचा डावा हात उचलला गेला आणि खांद्यावरून मागं गेला. बोटं पाठीवर काहीतरी शोधू लागली. ओठ हलले, घशातून घरघर आली आणि स्पष्ट शब्द बाहेर पडला.

"चिमटे."

महिनाभरानंतरचा पहिला शब्द, आणि तो हा! सायलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मॅडम म्हणाल्या होत्या," ती बन्सीला हळू म्हणाली, "भलतेच शब्द येतात कधी कधी. अर्थ नसतो त्यांना."

"चिमटे," पुष्पावती पुन्हा म्हणाली, रागानं.

बन्सीनं घोडा बघितल्या बघितल्या कल्याणला फोन केलेला होता. तो श्रीरामपुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. कॅसेटींचं ऐकून तो दुकान तसंच टाकून निघाला होता. तोंड पाडून तो दारात चप्पल काढत होता, तेव्हा तो दुसरा 'चिमटे' त्याच्या कानावर पडला.

एका पायात चप्पल तशीच ठेवून तो मागं वळला. अंगणातल्या दोरीवर धुणं वाळत होतं. त्यानं चादरीचे चिमटे काढले, चादर खाली मातीत. परकराचे काढले, परकर खाली. सायली ओरडली, "कल्याणमामा, अहो काय करताय? आत्ता धुतलंय ते!"

"धू परत," तो म्हणाला आणि आत आला.

तो तिच्या मागं गेला. मला पाठीशी मुठीत धरून आवळलं. हात जागा विसरले नव्हते. मानेखाली एक. पाठीवर दोन. कमरेशी एक. चिमटे प्लॅस्टिकचे होते, लाल-पिवळे. लाकडी आता कुठं मिळतात? पण धरलं घट्ट. आणि चौथा चिमटा लागला तशी पुष्पावती उशीपासून सुटली. पाठ सरळ झाली, मान वर आली, आणि ती ताठ बसली. साळवेबाई बसल्या!

बन्सी मागून बघत होता. "आत्ता गं बया," तो पुटपुटला. "माझ्या कोटाला हे रोज लावत हुता व्हय रं तुमी?"

कल्याण पुढं आला, खिशातला मोबाईल काढून तिच्यासमोर धरला आणि दुसरा हात वर केला. खोलीत पंखा चालू होता. त्यानं सायलीकडे बघितलं आणि तिला न सांगताच कळलं. तिनं उठून पंखा बंद केला. कल्याणनं हात खाली सोडला.

"न… नमस्कार."

सायली उभीच होती. तिचे हात आपोआप जुळले आणि लहानपणी म्हणायची तशी ती म्हणाली, "नमस्कार." आणि मग तिला रडू आवरेना.

पुष्पावतीचं मात्र कॅमेऱ्याकडेच लक्ष. "नदी… नदी…" पुढं जीभ अडली. तिनं डोळे मिटले. डावी मूठ मांडीवर आपटली. कल्याणनं मोबाईल थांबवला. त्याचा स्वर असा होता, जसं काही खाली अजून गिरणीवाला चहा पीत बसलाय.

"पुन्हा, ताई. पहिल्यापासनं."

त्या दिवसापासून मी इथंच, तसबिरीशेजारच्या खुंटीवर आहे. रोज दुपारी मला उतरवतात. कल्याण जमेल तेव्हा श्रीरामपुराहून येतो, नाहीतर सायली चिमटे लावते. तिला आता जागा पाठ झाल्या आहेत. नदीकाठ वाहिनीपर्यंत आम्ही पोचलोय. परवा "बातम्यांमध्ये" निघालं. स्वतःच्या नावाशी ती रोज अडते, आणि रोज पहिल्यापासनं सुरू करते. आणि कल्याणच्या मोबाईलमध्ये हे सगळं साठत चाललंय, अडखळण्यासकट. आता कुणी काही पुसत नाही.

माझं अस्तर विरलंय, कोपरं झिजलीत. फार दिवस मी पुरेन असं नाही. पण ती "मी पुष्पावती साळवे" म्हणेल त्या दिवशी तिच्या अंगात मी असायला हवा, एवढी एकच इच्छा आहे. म्हणून या घरातल्या माणसांना एक विनंती करून थांबतो. धुणं वाऱ्यानं उडालं तर उडू द्या, मातीत पडलं तर परत धुवा. दोरीवरचे चार चिमटे मात्र माझ्यासाठी राखून ठेवा.